फुकटची थीम आणि अठरा हजारांचं कोटेशन

समजा, सांगलीतल्या एका हळद व्यापाऱ्याला वेबसाइट करून हवी आहे. ओळखीतला एक मुलगा कोटेशन देतो: ‘कस्टम वेबसाइट डिझाइन, 18,000 रुपये. डोमेन आणि होस्टिंग वेगळं.’ घासाघीस होते आणि सौदा पंधरावर तुटतो. मुलगा घरी येऊन वर्डप्रेस, म्हणजे वेबसाइट उभी करायचं मोफत सॉफ्टवेअर, टाकतो. मोफत थीम, म्हणजे साइटच्या रूपाचे तयार साचे, चाळतो, त्यातली एक आवडते ती उचलतो. रंग पिवळा करतो, लोगो बसवतो, हळकुंडांचे फोटो चढवतो. पानाच्या तळाशी मूळ डिझायनरचं नाव असतं, ते काढून तिथे स्वतःचं टाकतो. आठवड्याभरात साइट उभी. ती थीम बनवणारा माणूस स्वीडनमध्ये बसलेला असेल नाहीतर कोथरूडमध्ये, त्याला याचा पत्ताही नसतो.

हा प्रकार रोज, गावोगाव चालतो. त्यावर वाद निघाला की दोन उत्तरं ठरलेली असतात. एक: ‘फुकट ठेवलंय ना त्यानं? मग आमचं काय चुकलं?’ दुसरं: ‘दुसऱ्याच्या कष्टावर पैसे कमावता, लाज वाटत नाही?’ दोन्ही उत्तरं घाईची आहेत. पहिल्यात कायदा चुकतो आणि दुसऱ्यात धंदा कळलेला नसतो. या मुलाने पैसे घेतले यात काही वावगं नाही. ‘कस्टम डिझाइन’ हे दोन शब्द आणि तळाशी बदललेलं नाव, बोट ठेवायचं ते तिथे.

फुकट ठेवलं म्हणून बेवारस होत नाही

आधी कायद्याची बाजू पाहू, कारण बहुतेक गोंधळ तिथेच आहे. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा 1957 चा. त्यात संगणक प्रोग्रॅम ‘साहित्यकृती’त मोजला जातो. म्हणजे थीमचा कोड हा कायद्याच्या नजरेत कथा-कवितेच्या रांगेतला. हक्क मिळवायला नोंदणी करावी लागत नाही. कोड लिहिला की हक्क लिहिणाऱ्याचा. त्याने फाइल साइटवर ठेवून खाली ‘फ्री डाउनलोड’ एवढंच लिहिलं असेल, तर फार तर वापरायची मुभा दिली असं म्हणता येईल. विकायची मुभा त्यात येत नाही. ती वेगळी द्यावी लागते, आणि ती जिथे लिहिलेली असते त्याला लायसन्स म्हणतात, मराठीत परवाना.

हे परवाने एकसारखे नसतात. क्रिएटिव्ह कॉमन्स या तयार परवान्यांच्या कुटुंबात ‘बीवाय’ असेल तर काहीही करा, विकासुद्धा, पण मूळ कर्त्याचं नाव दिसलं पाहिजे. त्याला ‘एनसी’ जोडलेलं असेल तर व्यापारी वापर बंद. मग हळद व्यापाऱ्याच्या साइटवर ती टेम्प्लेट, म्हणजे पानांचा तयार साचा, टाकताच येत नाही, पैसे घ्या की घेऊ नका. ‘एमआयटी’ परवाना सगळ्यात सैल: कोड कुठेही न्या, फक्त कॉपीराइटची ओळ आणि परवान्याचा मजकूर सोबत असू द्या. आणि वर्डप्रेसच्या अधिकृत थीम डिरेक्टरीत जे काही आहे ते सगळं जीपीएल (जनरल पब्लिक लायसन्स) किंवा जीपीएलशी जुळणाऱ्या परवान्याखाली. आपल्याकडचा बहुतेक धंदा या शेवटच्या गटावर चालतो, म्हणून त्याच्याकडे नीट पाहायला हवं.

त्याआधी ‘बीवाय’चं एक उदाहरण, कारण त्यातून एक गोष्ट चटकन कळते. एचटीएमएल5 अप नावाची एक साइट आहे, तिथल्या देखण्या टेम्प्लेट अनेकांनी वापरल्या असतील. त्या ‘बीवाय’ परवान्याखाली मोफत आहेत, तळाशी कर्त्याचं नाव ठेवण्याच्या अटीवर. नाव नको असेल तर त्याच माणसाची पिक्सेलॅरिटी ही सशुल्क सेवा आहे, पैसे भरा आणि नावाशिवाय वापरा. म्हणजे तळाची ती बारीक ओळ शोभेची नाही, तीच टेम्प्लेटची किंमत आहे. ती पुसणारा माणूस किंमत न देता माल नेतो आहे.

जीपीएल: विका, पण अटी पाळून

जीपीएल हा परवाना मोकळ्या सॉफ्टवेअरची चळवळ उभी करणारे अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांच्या खटपटीतून आला. पहिली आवृत्ती 1989 ची, वर्डप्रेस ज्यावर चालतं ती दुसरी 1991 ची. स्टॉलमन म्हटलं की फुकटवाले संत असं चित्र अनेकांच्या डोळ्यापुढे येतं. पण याच गृहस्थांनी 1985 च्या सुमारास आपला इमॅक्स हा एडिटर टेपवर भरून 150 डॉलरला विकला. सॉफ्टवेअर मोकळं असावं आणि त्याचे पैसेही घ्यावेत, यात त्यांना कधी विसंगती वाटली नाही. उलट त्यांची फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उघड सांगते की प्रती वाटणाऱ्याने हवे तेवढे पैसे घ्यावेत. जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत तर स्पष्टच आहे: प्रत कितीलाही द्या, नाहीतर फुकट द्या.

मग जीपीएल मागतं काय? कॉपीराइटच्या ओळी जागेवर राहू द्या. परवाना सोबत द्या. फाइलमध्ये बदल केला असेल तर तो केल्याची नोंद ठेवा. आणि सगळ्यात महत्त्वाची अट, जी आपल्याकडे सर्रास मोडली जाते: तुम्हाला जे स्वातंत्र्य मिळालं तेच पुढच्याला द्या, त्यावर स्वतःची कुलपं घालू नका. कोटेशनच्या तळाला ‘सदर थीम आमच्या लेखी परवानगीशिवाय अन्यत्र वापरता येणार नाही’ अशी ओळ असते ना? जीपीएल थीमच्या बाबतीत ती ओळ लिहिणाऱ्याने परवाना मोडलेला असतो. हळद व्यापाऱ्याने उद्या तीच थीम मेहुण्याच्या बेदाण्याच्या दुकानाला वापरली तर त्याला कुणी अडवू शकत नाही.

तशीच दुसरी ओळ: ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर डिझाइनचे सर्व हक्क ग्राहकाकडे जातील.’ वाचायला बरं वाटतं. पण जे हक्क डिझायनरकडे नव्हतेच ते तो कुठून देणार? त्याने स्वतः लिहिलेला भाग, काढलेला लोगो, बसवलेला मजकूर याचे हक्क देता येतील. बाकीचं ज्याचं त्याचंच राहतं.

तळाच्या क्रेडिट लिंकबद्दल मात्र जीपीएल थीम वापरणाऱ्यांना उगाच चोर ठरवलं जातं. पानावर दिसणारी ‘थीम अमक्याची’ ही ओळ काढायला जीपीएलची सहसा आडकाठी नसते. कोडच्या फाइलींमधली कॉपीराइटची नोंद काढायला आहे. क्लायंटला आपल्या दुकानाच्या साइटवर तिसऱ्याच कुणाचं नाव नको असेल तर ते समजण्यासारखं आहे. ओळ काढणं वेगळं आणि तिथे ‘डिझाइन्ड बाय’ लिहून स्वतःचं नाव घालणं वेगळं.

वर्डप्रेसच्या घरातलं भांडण

वर्डप्रेस स्वतःच दुसऱ्याच्या कामावर उभं आहे, हे विसरता येत नाही. बी2 नावाचं एक ब्लॉगिंगचं सॉफ्टवेअर होतं, जीपीएलखाली. त्याचं काम थंडावलं तेव्हा मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी 2003 मध्ये त्याचीच प्रत पुढे नेली आणि वर्डप्रेस नाव दिलं. बी2 चे कर्ते मिशेल वाल्ड्रिगी यांचं नाव कुणी लपवलं नाही, आजही त्या इतिहासात ते घेतलं जातं. थीमची सोय आली 2005 मध्ये. पाठोपाठ थीम विकणारेही आले आणि प्रश्न उभा राहिला: वर्डप्रेस जीपीएल आहे, मग त्यावर चालणारी थीमही आपोआप जीपीएल होते का?

डिसेंबर 2008 मध्ये वर्डप्रेसच्या डिरेक्टरीतून सुमारे 200 थीम एका फटक्यात काढल्या गेल्या. कारण, त्यांचे दुवे जीपीएल नसलेल्या थीम विकणाऱ्यांकडे जात होते. मग जुलै 2009 मध्ये मोकळ्या सॉफ्टवेअरवाल्यांना कायद्याचा सल्ला देणाऱ्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरने मत दिलं की थीममधला पीएचपी कोड (साइट चालवणारा) वर्डप्रेसमध्ये इतका गुंतलेला असतो की तो जीपीएलच ठरतो, पण चित्रं आणि सीएसएस (रंग, आकार, मांडणी ठरवणारा कोड) यांचा परवाना वेगळा असू शकतो. यातूनच ‘स्प्लिट लायसन्स’ ही तोड निघाली: अर्धी थीम जीपीएल, अर्धी राखीव. थीमफॉरेस्ट या ऑनलाइन बाजारात विकत घेतलेल्या थीमच्या परवान्यात हा प्रकार अनेकांनी पाहिला असेल.

सगळ्यात गाजलं ते 2010 चं थीसिस प्रकरण. थीसिस ही तेव्हाची फार खपाची सशुल्क थीम. तिचे कर्ते क्रिस पिअर्सन म्हणत होते, हे माझं स्वतंत्र काम आहे, जीपीएल मला लागू नाही. मुलेनवेग यांचं म्हणणं बरोबर उलट. जुलैमध्ये दोघांचा जाहीर वाद झाला, कोर्टाची भाषा झाली. मग लोकांनी थीसिसचा कोड तपासला, तर वर्डप्रेसमधून जशाच्या तशा उचललेल्या ओळी त्यात निघाल्या. पिअर्सन यांनी आठवड्याभरात स्प्लिट जीपीएल मान्य केलं. थीम जीपीएल ठरते का हा प्रश्न त्यामुळे कुठल्या न्यायाधीशासमोर गेलाच नाही, आणि तो अजून चघळला जातो.

खेळण्यातली आगगाडी कोर्टात

पण फुकट दिलेल्या कोडमधून नाव पुसून तो विकला तर काय होतं, याचा निवाडा एका कोर्टाने दिलेला आहे. तो थीमचा नाही, खेळण्यातल्या आगगाड्यांचा आहे, आणि मला तो या सगळ्या वादातला सगळ्यात उपयोगी वाटतो.

अमेरिकेत रॉबर्ट जेकबसेन हे तेव्हा बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. छंद मॉडेल रेल्वेचा. या छोट्या इंजिनांमध्ये एक चिप असते, तिला डिकोडर म्हणतात. वेग, दिवे, शिट्टी सगळं तिच्या हुकमावर. प्रत्येक कंपनीची चिप वेगळी, तिच्या सेटिंग वेगळ्या. जेकबसेन आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून या चिप हाताळणारं एक सॉफ्टवेअर लिहिलं, जेएमआरआय नावाचं, आणि प्रत्येक डिकोडरच्या माहितीच्या फाइली खपून तयार केल्या. सगळं फुकट, ‘आर्टिस्टिक लायसन्स’खाली. अटी साध्या: नावं ठेवा, मूळ कुठून घेतलं ते सांगा, काय बदललं ते लिहा.

मॅथ्यू कॅट्झर यांची कंपनी याच क्षेत्रात पैसे घेऊन सॉफ्टवेअर विकायची. त्यांच्या मालात या माहितीच्या फाइली सापडल्या, आणि लेखकांची नावं, कॉपीराइटच्या ओळी, मूळ प्रकल्पाचा उल्लेख, बदलांची नोंद यातलं काहीच त्यात नव्हतं. वर गंमत अशी की कॅट्झर यांनी एका पेटंटच्या जोरावर जेकबसेन यांच्याकडेच फीची मागणी केली होती. फुकट वाटणाऱ्याकडे बिल!

खालच्या कोर्टात जेकबसेन यांना हवा तो मनाई हुकूम मिळाला नाही. कोर्टाचा सूर असा की परवाना इतका सढळ आहे, तर अटी मोडणं हा फार तर करारभंग, कॉपीराइटचा भंग नव्हे. ऑगस्ट 2008 मध्ये फेडरल सर्किटच्या अपील कोर्टाने हे फिरवलं. त्याचं म्हणणं असं: पैसे घेतले नाहीत म्हणजे देणाऱ्याला काही मिळत नव्हतं असं नाही. नाव होतं, वापरणारे वाढतात, कुणीतरी चूक सुधारून पाठवतं, प्रकल्प पुढे जातो. नाव टिकवण्याची अट ही त्या सगळ्याकडे जाणारी वाट आहे. ती अट तोडली की परवानाच उरत नाही, आणि परवाना नसताना केलेली नक्कल म्हणजे सरळ कॉपीराइटचा भंग. पुढे 2010 मध्ये प्रकरण मिटलं, ते कॅट्झर यांनी एक लाख डॉलर द्यायचं कबूल करून.

हा अमेरिकेतला निकाल, आपल्या कोर्टावर तो बंधनकारक नाही. पण त्यातला विचार आपल्या कायद्यालाही परका नाही. आपल्या कॉपीराइट कायद्याचं कलम 57 सांगतं की हक्क विकून टाकले तरी ‘हे मी केलं’ असं म्हणण्याचा हक्क कर्त्याकडेच राहतो. विकल्यावरसुद्धा राहतो, तर फुकट दिल्यावर तो कसा जाईल?

मग त्या पोराने पंधरा हजार घ्यायचेच नाहीत का?

घ्यायचे की. आपण दुकानातून पंखा आणतो आणि वायरमन तो बसवून देतो. पंखा त्याने बनवला नाही म्हणून मजुरी कुणी बुडवत नाही. फक्त पंखा आपणच घडवला असं तो बिलात लिहीत नाही.

आणि मराठी साइटवर बसवण्याचं काम किती असतं, हे इंग्रजीत काम करणाऱ्याला कळणार नाही. क्लायंट मजकूर देतो तो बहुधा पेजमेकरच्या फाइलमध्ये, श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. ब्राउझरमध्ये चिकटवला की त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. तो कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरांच्या प्रमाण पद्धतीत, आणायचा, मग सुटलेले रफार, उलटे पडलेले ऱ्हस्व इकार आणि गायब झालेले अर्धे र एकेक शोधून बसवायचे. तेवढ्याने भागत नाही. बहुतेक मोफत थीम रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या असतात. मथळ्यांना ऐट यावी म्हणून त्यात अक्षरांमधली जागा वाढवलेली असते. इंग्रजीत ते छान दिसतं. देवनागरीत शिरोरेषा तुटते आणि ‘सेलम हळद’चे सहा तुकडे होतात. दोन ओळींतलं अंतर कमी ठेवलेलं असतं, त्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांवर चढतात. थीमसोबत येणाऱ्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर मोबाइल स्वतःच्या मनाने कुठलातरी फॉन्ट लावतो. हे सगळं निस्तरायला दोन-तीन दिवस सहज जातात. शिवाय नकाशा, व्हॉट्सॲपचं बटण, यूपीआयचा क्यूआर, मालाचे फोटो कापून-पुसून चढवणं, आणि सहा महिन्यांनी शेठचा रात्री साडेनऊचा फोन, ‘साइट बंद पडलीय’. पंधरा हजार खरं तर कमीच आहेत.

म्हणूनच ‘कस्टम डिझाइन’ लिहायचा मोह मला कळत नाही. केलेलं काम दाखवण्यासारखं असताना न केलेल्या कामाचं बिल कशाला लावायचं? शेठना वाटतं, हा आराखडा फक्त माझ्यासाठी काढला. मग मिरजेच्या एखाद्या दवाखान्याच्या साइटवर तोच चेहरा दिसतो. 1872 च्या करार कायद्यात फसवणुकीच्या व्याख्येत माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणंही येतं, हे इथे आठवावं. थीम फुकट असल्याचं सांगितलं नाही म्हणून कुणी कोर्टात जाणार नाही. पण विश्वास एकदा गेला की पुढची दहा कामं जातात.

एका फाइलच्या पहिल्या दहा ओळी

वर्डप्रेसच्या प्रत्येक थीममध्ये ‘स्टाइल डॉट सीएसएस’ नावाची फाइल असते. ती उघडली की वरच थीमची जन्मपत्रिका दिसते: थीमचं नाव, तिचा पत्ता, कर्ता, कर्त्याचा पत्ता, वर्णन, आवृत्ती, परवाना. नाव बदलून विकणारा इथे हात घालतो. कर्त्याच्या जागी स्वतःची एजन्सी, थीमच्या नावात क्लायंटचं नाव, परवान्याची ओळ गुल. फोल्डरचं नावही बदलतो, म्हणजे डॅशबोर्डमध्ये ‘हळद-प्रो’ दिसतं. पाच मिनिटांचं काम.

त्या पाच मिनिटांत साइटची अपडेटशी असलेली नाळही तुटते. वर्डप्रेस थीमला तिच्या फोल्डरच्या नावाने ओळखतं. मूळ कर्त्याने उद्या एखादं भगदाड बुजवलं तर ती दुरुस्ती मूळ नावाच्या थीमला मिळेल, ‘हळद-प्रो’ला नाही. ऑगस्ट 2011 मध्ये टिमथंब नावाच्या चित्रं लहान-मोठी करणाऱ्या एका छोट्या फाइलमध्ये असंच भगदाड सापडलं. ती फाइल असंख्य थीममध्ये आतल्या आत टाकलेली होती. ज्यांच्या थीमचा मूळ कर्ता कोण हे माहीत होतं त्यांना दुरुस्ती मिळाली. ज्यांची थीम नाव बदलून आली होती त्यांना आपल्या घरात टिमथंब आहे हेच ठाऊक नव्हतं, आणि त्यांच्या साइट पुढे कितीतरी काळ फुटत राहिल्या. नाव पुसण्याचा तोटा मूळ डिझायनरला होतो त्याहून जास्त, ज्याने पैसे मोजले त्या गिऱ्हाइकाला होतो. नैतिकतेच्या चर्चेत हे कुणी बोलत नाही.

सरळ वाट अगदी सोपी आहे. तिला चाइल्ड थीम म्हणतात. मूळ थीम तशीच ठेवायची आणि आपले बदल वेगळ्या फोल्डरमध्ये लिहायचे. त्याच्या पत्रिकेत ‘टेम्प्लेट’ म्हणून मूळ थीमच्या फोल्डरचं नाव द्यायचं. अपडेट मूळ थीमला मिळत राहतात, आपलं काम सुरक्षित राहतं, आणि कर्ता म्हणून आपलं नावही लावता येतं, कारण चाइल्ड थीम खरोखर आपण लिहिलेली असते. कुणाचंच काही जात नाही. तरीही लोक नाव पुसायलाच का जातात, हे मला न सुटलेलं कोडं आहे.

नाव बदलायलाच केलेल्या थीमही असतात, हेही सांगायला हवं. मुलेनवेग यांच्या ऑटोमॅटिक कंपनीची अंडरस्कोर्स ही तशी. तिच्या साइटवर आपल्या थीमचं नाव टाकायचं की त्या नावाचा कोरा सांगाडा डाउनलोड होतो. त्यावर आपण मजले चढवायचे. सोबतच्या नोंदीत ‘अंडरस्कोर्सवर आधारित’ ही ओळ ठेवली की झालं. मोठी माणसंही हेच करतात. वर्डप्रेसची 2019 मध्ये आलेली अधिकृत थीम ट्वेंटी ट्वेंटी ही आंदेर्स नोरेन या स्वीडिश डिझायनरच्या चॅप्लिन नावाच्या मोफत थीमवर बेतलेली होती. तसं जाहीर सांगितलं गेलं, आणि नव्या थीमच्या डिझाइनची सूत्रंही त्यांच्याकडेच होती.

जीपीएल क्लब आणि ‘नल्ड’चा बाजार

आता अवघड जागा. काही साइट सशुल्क थीमची एक प्रत विकत घेतात आणि तीच हजारोंना दोन-चार डॉलरला देतात. त्यांना जीपीएल क्लब म्हणतात. थीम पूर्ण जीपीएल असेल तर हे कायद्याने चालतं. मूळ कंपनीचं नाव आणि लोगो मिरवून विकलं तर ट्रेडमार्कचा प्रश्न येतो, पण कोड वाटण्याला बंदी नाही. थीम करणारे यावर चिडतात. त्यांची चीड कळते, पण जीपीएलचा फायदा घेत वर्डप्रेसच्या प्रचंड बाजारात उतरायचं आणि तोच परवाना दुसऱ्याने वापरला की चोर म्हणायचं, हे पटत नाही. माझा आक्षेप क्लबपेक्षा तिथून तीनशे रुपयांत थीम आणून बिलात ‘प्रीमियम थीम – 5,000’ लिहिणाऱ्यावर आहे. त्या पाच हजारांत क्लायंटला जे मिळायला हवं, म्हणजे मूळ कंपनीची मदत आणि अपडेटची किल्ली, ते त्याला मिळालेलंच नसतं.

‘नल्ड’ थीम हा त्याच्याही खालचा प्रकार: किल्लीची तपासणी तोडून फुकट वाटलेली सशुल्क थीम. इथे नीतीपेक्षा आधी जीव सांभाळावा. वर्डप्रेस साइटची सुरक्षा पाहणाऱ्या वर्डफेन्सने 2019 मध्ये डब्ल्यूपी-व्हीसीडी या मालवेअरचा, म्हणजे घातक सॉफ्टवेअरचा, सविस्तर माग काढला. तो पसरायचा तो बहुतांशी अशाच नल्ड थीम वाटणाऱ्या साइटवरून. थीममधल्या ‘फंक्शन्स’ फाइलमध्ये चार ओळी दडवलेल्या असत. साइट चालू झाली की तो बाकीच्या थीममध्ये शिरायचा, शेजारच्या साइटवर उड्या मारायचा, मागचं दार उघडं ठेवायचा. फुकट देणाऱ्याने तुमची साइटच किंमत म्हणून घेतलेली असते.

फुकट देणाऱ्याला काय हवं असतं

सगळेच परोपकाराने देत नाहीत, आणि त्यात वाईट काही नाही. पुण्याच्या ब्रेनस्टॉर्म फोर्सची ॲस्ट्रा ही थीम मोफत आहे आणि 10 लाखांहून जास्त साइटवर चालते. कमाई तिच्या प्रो आवृत्तीवर आणि जोडीच्या मालावर. फुकट देणाऱ्यालाही शिस्त असते: ऑगस्ट 2020 मध्ये ॲफिलिएट लिंकच्या (विक्रीवर कमिशन मिळवून देणाऱ्या दुव्यांच्या) कारणावरून ॲस्ट्राला डिरेक्टरीतून काही काळ काढलं गेलं, कोड बदलल्यावर ती परत आली. त्याआधी 2007 च्या आसपास ‘प्रायोजित’ थीमचं पीक आलं होतं. कर्जवाल्यांच्या आणि जुगाराच्या साइट डिझायनरला पैसे देऊन थीमच्या तळाशी आपल्या लिंक खुपसायच्या. थीम फुकट, आणि वापरणाऱ्याची साइट नकळत जाहिरातीचा खांब. तेव्हा मुलेनवेग यांनी त्याविरुद्ध उघड भूमिका घेतली. म्हणजे लपवाछपवी विकणारेच करतात असं नाही, फुकट देणारेही करतात.

कायद्यात बसूनही मन खट्टू होतं असे प्रसंगही आहेत. 2011 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या वूथीम्सने जिगोशॉप या ऑनलाइन दुकान चालवायच्या मोफत जीपीएल प्लगइनची (वर्डप्रेसला जोडायच्या सॉफ्टवेअरची) प्रत काढून तिचं वूकॉमर्स केलं, आणि जिगोशॉपवर काम करणारे दोन डेव्हलपरही घेतले. सगळं उघड, परवान्यात बसणारं. जिगोशॉप मागे पडलं. वूथीम्सला 2015 मध्ये ऑटोमॅटिकने विकत घेतलं. प्रत काढली तेव्हा बराच गदारोळ झाला होता. मला यात अन्याय दिसत नाही. जीपीएल निवडणाऱ्याने ही शक्यता स्वीकारलेलीच असते. पण जिगोशॉपवाल्यांना वाईट वाटलं असेल तर ते चूक होतं असंही म्हणवत नाही.

थीमच्या पोटात आणखी कुणाकुणाचं काय असतं

एक बारीक गोष्ट राहिली. थीम जीपीएल असली म्हणून आतलं सगळं जीपीएल असेलच असं नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट घडवणाऱ्या गटाचे मुक्त आणि बलू हे देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. थीमसोबत देऊन पैसे घ्या, चालतं. पण नुसता फॉन्ट विकायला या परवान्यात मनाई आहे. अनस्प्लॅश या मोफत फोटोंच्या साइटवरचे फोटो व्यापारी साइटवर बिनपैशाने वापरता येतात, पण 2017 मध्ये त्यांनी परवाना बदलल्यापासून ते जीपीएलशी जुळत नाहीत, म्हणून डिरेक्टरीतल्या थीममध्ये टाकता येत नाहीत. डेमोमध्ये दिसणारा सुंदर फोटो थीमसोबत येत नाही तो बऱ्याचदा यामुळे. क्लायंट विचारतो, ‘डेमोत होता तो डोंगर कुठंय?’

कोटेशनवर काय लिहायचं

हळदवाल्या शेठच्या कोटेशनवर असं लिहिता आलं असतं: ‘थीम: ॲस्ट्रा, मोफत आवृत्ती, जीपीएल परवाना, किंमत शून्य. चाइल्ड थीम, रंग, मराठीसाठी मांडणी: 6,000. मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासणं, 12 पानं: 4,000. फोटो, नकाशा, क्यूआर, फॉर्म: 3,000. वर्षभर अपडेट आणि बॅकअप: 2,000.’ बेरीज तीच पंधरा. शेठ विचारतील, ‘थीम फुकट आहे तर मीच टाकतो की.’ टाकू द्या. शंभरातले पाच जण टाकतील. बाकीचे श्रीलिपीची फाइल घेऊन महिन्याभरात परत येतील.

आणि तुम्ही शेठच्या जागी असाल तर तपासणी दोन मिनिटांची आहे. संगणकावर आपली साइट उघडून कंट्रोल आणि यू दाबा. समोर येणाऱ्या कोडच्या जंगलात ‘थीम्स’ हा इंग्रजी शब्द शोधा. त्यापुढच्या तिरक्या रेषेनंतर फोल्डरचं नाव दिसेल. चाइल्ड थीम असेल तर बहुधा दोन नावं दिसतील. एकच नाव असेल आणि ते तुमच्या दुकानाचं असेल, तर त्याच ओळीतली सीएसएस फाइल उघडून वरच्या दहा ओळी वाचा. कर्ता म्हणून कुणाचं नाव आहे आणि परवान्याची ओळ आहे का, हे पाहा, आणि ज्याला पैसे दिले त्याला फोन करून विचारा की थीम मूळ कुठली. ‘ॲस्ट्रा आहे शेठ, फुकटची आहे, मी बसवण्याचे घेतले’ असं उत्तर आलं तर राहिलेला हप्ता देऊन टाका. ‘सगळी मीच लिहिलीय’ असं आलं, तर आधी अपडेट कोण आणि कुठून देणार ते लेखी मागा, हप्त्याचं नंतर बघू.